काळ्या मातीचे पदर

मराठवाड्याच्या शेतकऱ्यास काळी माती म्हणजे लक्ष्मी. घर बांधणारास मात्र तिची धास्ती वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या शिवारांत वैशाखांत जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यांत त्याच भेगा मिटतात व जमीन फुगते. या उघडझापीचें मूळ एका क्षीण आकर्षणांत आहे.

दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झिजून ही माती झाली. तिच्यांतील माँटमोरिलोनाइट वर्गाच्या खनिजाची घडण पोथीसारखी असते. त्याचें एकेक पान सुमारें १० आंगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, इतकें पातळ. पानाच्या आंत सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचे अणू घट्ट जखडलेले असतात. पानापानांतील बंध मात्र दुबळा. पानांवर अल्पसा ऋण विद्युद्भार असतो व मधले कॅल्शियम-सोडियमचे धनभारित कण त्यांना जवळ ठेवतात. त्यांत सर्वच पदार्थांत असणाऱ्या एका ओढीची भर पडते. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यानें १८७३ सालच्या आपल्या प्रबंधांत तिचा हिशेब मांडला. तिचें मर्म फ्रिट्झ लंडन यानें १९३० सालीं उलगडलें. अंतर वाढतांच ही ओढ झपाट्यानें घटते.

अभ्रकाची घडणही अशीच. पण त्याच्या पानांवरील भार अधिक असून मधले पोटॅशियमचे कण खांचेत चपखल बसतात. म्हणून अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, परंतु तें पाण्यानें फुगत नाहीं. काळ्या मातीत मात्र पाण्याचे रेणू कॅल्शियमभोवतीं जमून पानें दूर सारतात. पूर्ण कोरडेपणीं १० आंगस्ट्रॉम असलेलें अंतर सुमारें १५ वर जातें. अशा असंख्य पानांचें फुगणें एकवटलें कीं पाया उचलला जातो. उन्हाळ्यांत तो खचतो आणि भिंत तडकते.

म्हणून पाया काळ्या थरांतून खालीं मुरमापर्यंत न्यावा. थर फार खोल असल्यास बुडाशीं फुगीर असे कांक्रीटचे खांब जमिनींत उतरवितात. पागोळ्यांचें पाणी भिंतीपासून दूर काढावें. मोठीं झाडें घरालगत लावूं नयेत, कारण तीं मातींतील ओल शोषून घेतात.

हीच सैल पानें पावसाचें पाणी धरून ठेवतात. पाऊस सरल्यावर शाळू आणि हरभरा पिकतो तो त्याच ओलीवर.