चौरंग घासायला काढण्यापूर्वी



गणपती आता महिन्यावर आलेत. घरोघरी बेसमेंटमधले खोके वर येतील आणि त्यांच्याबरोबर तो जुना चौरंगही. कुणी तो भारतातून बॅगेत घालून आणलाय, कुणी इथेच सेकंड हँड स्टूल घेऊन त्याचा चौरंग केलाय. पॉलिश काळवंडलेलं असतं, कलशाच्या पाण्याचं गोल वर्तुळ उमटलेलं असतं. मग वाटतं, यंदा घासून नवा करू या. म्हणून आज बोलू या सँडरबद्दल, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनबद्दल.

आधी माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी आईचा सागवानी चौरंग घासायला काढला. दुकानातला सगळ्यात दणकट दिसणारा बेल्ट सँडर आणला, चांगला जोर लावून चालवला आणि दोन मिनिटांत फळीच्या मधोमध तीन इंच रुंद चर पडला. आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. म्हणाली, "अरे, घासायला सांगितलं होतं, खरवडायला नाही." चौरंग भरीव सागाचा होता म्हणून वाचला. पण चर घालवायला सगळी फळी तेवढी खाली आणावी लागली आणि काठावरची कोरीव वेल अर्धी पुसली गेली. ती काही आता परत येत नाही.

तर पहिली गोष्ट, मशीन कोणतं? बेल्ट सँडरमध्ये काचकागदाचा पट्टा एकाच दिशेने फिरतो आणि भराभर लाकूड खातो. खडबडीत फळ्या सपाट करायला तो ठीक आहे, चौरंगाला नाही. कोपऱ्यांसाठी इस्त्रीसारखा टोकदार छोटा सँडर मिळतो, पण मोठ्या पृष्ठभागावर त्याने दिवस जातो. घरात एकच मशीन ठेवायचं असेल तर पाच इंची रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. त्याची गोल तबकडी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी थोडी हेलकावतेही. त्यामुळे एकाच जागी गोल ओरखडे उमटत नाहीत. वेग कमीजास्त करता येणारा आणि व्हॅक्यूमची नळी जोडता येणारा बघा. घासायला वेळ लागतो, म्हणून बॅटरीपेक्षा वायरचा परवडतो. आणि भारतातून आणू नका. तिकडची वीज २३० व्होल्टची, इकडची १२० ची.

मशीन एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च कागदाचा. तिथे कंजूषी करू नका. बोथट कागद लाकूड कापत नाही, नुसतं तापवतो. मग आपण जोर लावतो आणि तिथेच बिघडतं. कागदाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. चौरंगासाठी १२०, मग १८०, शेवटी २२० पुरे. पॉलिश फारच जाड असेल तरच ८० पासून सुरुवात करा. मधला नंबर गाळू नका, नाहीतर आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश लावल्यावर उठून दिसतात.

आता सुरू करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, रंग. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. म्हणजे गराज सेलमधलं जुनं रंगीत स्टूल असो की आजोळहून आलेला रंगवलेला देव्हारा, शिशाची तपासणी झाल्याशिवाय त्यावर मशीन लावू नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते आणि मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. शिसं निघालं तर ते काम आपलं नाही.

दुसरी, फळी भरीव आहे की वर पातळ व्हिनिअर चिकटवलंय? कडेला बघा. वरच्या रेषा कडेवर तशाच उतरत असतील तर भरीव. व्हिनिअर अनेकदा मिलिमीटरभरही जाड नसतं. मशीन ते बघता बघता पार करतं.

तिसरी, पॉलिश. आपल्याकडच्या जुन्या फर्निचरला बऱ्याचदा लाखेचं पॉलिश असतं. ते मशीनच्या उष्णतेने चिकट होऊन कागद भरून टाकतं. खालच्या बाजूला स्पिरिटचा, म्हणजे डिनेचर्ड अल्कोहोलचा, थेंब लावून बघा. पॉलिश विरघळलं तर ते फडक्याने पुसूनच काढता येतं, घासायचं काम निम्म्यावर येतं. फक्त स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम उघड्यावर करा, विस्तवापासून लांब.

चालवायचा कसा? फळीवर पेन्सिलने हलक्या रेघोट्या मारा. सँडर आधी फळीवर टेकवा, मग सुरू करा. हवेत सुरू करून टेकवला तर खळगा पडतो. हाताचं वजन पुरे, दाबू नका. सेकंदाला साधारण एक इंच, इतक्या संथपणे सरकवा. कडेला आला की तिरका करू नका. रेघोट्या गेल्या की थांबा, धूळ पुसा, पुढचा नंबर लावा. शेवटचा हात २२० च्या कागदाने मशीनशिवाय, लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. नक्षी आणि पाय तर हातानेच.

धुळीला हलकं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक मानते. सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने काहींना पुरळ उठतं, खोकला येतो. सँडरच्या पिशवीत जाडी धूळ अडकते, बारीक हवेतच राहते. म्हणून व्हॅक्यूम जोडा, एन-९५ मास्क लावा, कानांत बोळे घाला, मुलांना लांब ठेवा. काम संपलं की पिशवी रिकामी करा. आणि नंतर जवसाचं तेल लावलंत तर तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेटू शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

आमच्या चौरंगावर गणपती आजही बसतो. पुसट झालेली वेल दिसली की मुलगी विचारते, "बाबा, इथे काय झालं?" मी खरं ते सांगतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज हे सगळं तुम्हाला सांगितलं. चौरंगाला पॉलिश पुन्हा लावता येतं, लाकूड नाही. म्हणून थोडं कमीच घासा.

गणपती बाप्पा मोरया!