ग्रंथप्रेमी चित्रकर्मी : फ्रान्स्वा त्रुफो
(व्याख्यानाचा सारांश)



चित्रपटाने वाचनाची गोडी मारली, ही तक्रार जुनी आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो (१९३२–१९८४) यांची कारकीर्द तिला उत्तर देते.

शाळेत न रमलेल्या या मुलाला आधार मिळाला तो पुस्तकांचा आणि चित्रपटगृहांचा. सुधारगृहातून त्याची सुटका करण्यास धावून आले समीक्षक आंद्रे बाझँ. पुढे १९५४ साली ‘काइए द्यू सिनेमा’ या नियतकालिकात त्रुफो यांनी खरमरीत लेख लिहिला. कादंबऱ्यांची रूपांतरे करणारे पटकथाकार मूळ कृतीशी इमान राखीत नाहीत, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप होता.

‘फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) मधील आंत्वान बाल्झाकच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो आणि घरात आग भडकते! या चित्रपटाने त्रुफो यांना कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवून दिले. तो बाझँ यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. चित्रीकरण नुकतेच सुरू झाले असताना, नोव्हेंबर १९५८ मध्ये, ते निवर्तले होते.

रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीवरील ‘फॅरेनहाइट ४५१’ (१९६६) मध्ये वाचन हा गुन्हा आहे. अग्निशामक दलच ग्रंथ जाळते. म्हणून श्रेयनामावलीही पडद्यावर उमटत नाही, ती केवळ ऐकू येते. अखेरीस रानात राहणारी माणसे एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जपतात. मरणोन्मुख वृद्ध आपला ग्रंथ एका बालकाच्या मुखी सोपवतो.

ग्रंथालयाचे कार्य याहून वेगळे ते काय?