चंद्राच्या वारशाचे हिस्सेदार



ईदच्या आदल्या संध्याकाळी आपण गच्चीवर जाऊन ज्या चंद्राची वाट पाहतो, त्या चंद्रावर आता खाणी खणण्याची भाषा सुरू झाली आहे. ही थट्टा नव्हे. त्यासाठी काही देशांनी कायदेसुद्धा करून ठेवले आहेत.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकूण १७. नाव दुर्मिळ, पण त्यांतील सिरियम भूपृष्ठात जवळजवळ तांब्याइतके आहे! अडचण एवढीच की ती एका जागी भरपूर सापडत नाहीत आणि एकमेकांपासून वेगळी करणे फार जिकिरीचे असते. विजेवरच्या मोटारींना निओडिमियमचे चुंबक लागतात. आपल्या केरळच्या वाळूतही ही द्रव्ये आहेत. त्यासाठी १९५० सालीच सरकारी कंपनी निघाली. परंतु शुद्धीकरणाचा बहुतेक धंदा चीनच्या हाती गेला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा मोटार कारखानदार धास्तावले.

अपोलोने आणलेल्या काही चांद्रखडकांतही ही द्रव्ये आढळली आहेत. तेव्हा प्रश्न आला मालकीचा. १९६७ च्या करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला हक्क सांगता येत नाही. पण तेथून खणून काढलेल्या मालाचे काय? करार त्याबाबत स्पष्ट बोलत नाही. १९७९ च्या चंद्र-कराराने चंद्रावरील संपत्ती हा मानवजातीचा समाईक वारसा ठरविला. वारसा म्हटला की हिस्से आले, हे आपल्या घरांत कोणाला सांगायला नको! नेमके तेच बड्या राष्ट्रांना नको होते. भारताने १९८२ साली सही केली, मंजुरी मात्र दिली नाही. अमेरिकेने २०१५ साली, लक्झेंबर्गने २०१७ साली आणि संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली, जो खणील त्याचा माल, या धर्तीचे कायदे केले. सौदी अरेबिया तर जानेवारी २०२४ मध्ये चंद्र-करारातून बाहेर पडला. भारताने जून २०२३ मध्ये अमेरिकाप्रणीत आर्टेमिस करारावर सही केली.

खर्चाचे म्हणाल तर, बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ साली आलेली माती अवघी १२१.६ ग्रॅम, मोहिमेचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर. या भावाने कोण निओडिमियम विकत घेणार? परंतु नियम आजच लिहिले जात आहेत.

हे सारे मी वर्गात सांगत असता नववीतील एका मुलीने विचारले, "सर, ज्यांच्याकडे रॉकेट नाही त्यांचा हिस्सा कोण राखणार?" मी म्हणालो, संयुक्त राष्ट्रांची अंतराळविषयक समिती व्हिएन्नात बसते, भारत तिचा सभासद आहे.

"तिथं बोलायला जायचं तर काय शिकावं लागतं?"

मी फळ्यावर लिहिले : भूगर्भशास्त्र, कायदा, इंग्रजी. तिने ते वहीत उतरवून घेतले.