दुरुस्तीचें बिल आणि निदानाचें मोल

(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय वरवर पाहतां किरकोळ वाटेल. मोटार बिघडते, आपण ती गॅरेजांत नेतों, मेस्त्री ती नीट करतो, आपण बिल देतों. यांत भाषण करण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. परंतु या साध्या व्यवहारांत जितका मनस्ताप होतो आणि जितकीं भलीं माणसें एकमेकांस लबाड म्हणूं लागतात, तितका प्रकार वाण्याच्या किंवा शिंप्याच्या दुकानांत सहसा घडत नाहीं. याचें कारण काय, आणि दोष नेहमीं एकाच बाजूचा असतो काय, याचा आज थोडा विचार करूं.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नाहीं. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें, एवढीच माझी विद्या. परंतु या बाबतींत मी एकदां फसलों आणि एकदां चुकलों. फसल्यापेक्षां चुकल्याची गोष्ट अधिक बोचते. म्हणून तीच आधीं सांगतों.

निवृत्तीनंतर मीं एक लहानशी जुनी मोटार घेतली. आठवड्यांतून एखादे वेळीं दवाखाना, एखादे वेळीं मंडई, एवढाच तिचा उपयोग. एके दिवशीं ती सुरूच होईना. किल्ली फिरविली कीं नुसता टक् असा आवाज येई. शेजाऱ्यांनीं धक्का मारून ती चालू करून दिली आणि मी ती तशीच एका मोठ्या, कांचेच्या दारांच्या कार्यशाळेंत नेली. तेथें एका गणवेशधारी तरुणानें नम्रपणें विचारलें, “काय तक्रार आहे, सर?” मीं सांगितलें, “बॅटरी गेली आहे, बदलून द्या.” त्यांनीं ती बदलून दिली.

पुढचे आठ दिवस घरांत लग्नकार्य होतें. गाडी रोज फिरत होती आणि रोज बिनतक्रार सुरू होत होती. कार्य आटोपलें, गाडी चार दिवस उभी राहिली, आणि पांचव्या दिवशीं पुन्हां तोच टक्. पुन्हां तीच कार्यशाळा. या खेपेस “अल्टरनेटर गेला” असें निदान झालें. इंजिन चालू असतां बॅटरी भरून काढणारें जें यंत्र, तें म्हणजे अल्टरनेटर. तोही बदलला. दोन्ही मिळून साडेअकरा हजार रुपये झाले. बिल छापील होतें, बसावयास थंड खोली होती, चहाही मिळाला होता. मीं एक शब्द न बोलतां पैसे भरले. पुढें पुन्हां चार दिवस गाडी उभी राहिली आणि पुन्हां बंद पडली.

मग मी आमच्या आळीच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडांतील मेस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, “गुरुजी, गाडी किती दिवस उभी राहिली कीं असें होतें?” हा प्रश्न तोंपर्यंत मला कोणी विचारला नव्हता, आणि मलाही तो सुचला नव्हता. त्यांनीं गाडी ठेवून घेतली. बॅटरीच्या तारेंत वीजमापक जोडला, सर्व दारें लावून कांहीं वेळ वाट पाहिली, आणि मग एकेक फ्यूज काढीत वीज कोणत्या वाटेनें गळते याचा शोध घेतला. अर्धा दिवस गेल्यावर उत्तर सांपडलें. डिकीच्या झांकणाचें बटण अडकलें होतें आणि आंतला इवलासा दिवा झांकण लावल्यावरही जळतच राहत होता. झांकण बंद, म्हणून तो कोणास दिसत नव्हता. बटणाची किंमत चाळीस रुपये; मजुरी नऊशें.

येथें मीं चूक केली. “चाळीस रुपयांच्या बटणाला नऊशें रुपये मजुरी? दोन स्क्रू तर फिरविलेत!” असें मी चार माणसांदेखत बोललों. मेस्त्री शांतपणें म्हणाले, “गुरुजी, बटण बसवायला पांच मिनिटें लागलीं. तें शोधायला अर्धा दिवस लागला.” मीं पांचशें रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि गाडी घेऊन घरीं आलों. त्यांनीं मला अडविलें नाहीं.

रात्रीं मीं वहींत गणित मांडलें. दिवा पांच वॅटचा, बॅटरी बारा व्होल्टची. म्हणजे प्रवाह सुमारें ०.४ अँपिअर. दिवसाचे तास २४. म्हणजे रोज सुमारें १० अँपिअर-तास वीज जाणार. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. तीन दिवसांत तिच्यांतील बहुतेक सांठा संपतो आणि चौथ्या दिवशीं इंजिन फिरविण्यापुरतें बळ उरत नाहीं. लग्नाच्या आठवड्यांत गाडी रोज चालल्यामुळें रोजची तूट रोज भरून निघत होती. हिशेब तंतोतंत जुळला. जुनी बॅटरी बहुधा निर्दोष होती, आणि अल्टरनेटर तर खासच होता. इंजिन चालू असतां बॅटरीच्या टोकांवर साधारण चौदा व्होल्ट दिसले म्हणजे अल्टरनेटर आपलें काम करीत आहे असें समजावें. ही परीक्षा दोन मिनिटांची. ती मोठ्या कार्यशाळेंत कोणी केली नाहीं.

ज्यांनीं वस्तु विकल्या आणि रोग तसाच ठेवला, त्यांस मीं साडेअकरा हजार मुकाट्यानें दिले. आणि ज्यांनीं रोग शोधून काढला, त्यांचे चारशें चाळीस कापले. ज्या माणसानें जन्मभर ज्ञानाचा पगार घेतला त्याला दुसऱ्याच्या ज्ञानाचा मोबदला जड वाटावा, याची त्या रात्रीं मला फार लाज वाटली.

श्रोतेहो, माझ्या या गोष्टींत या सर्व झगड्यांचें मूळ आहे. आपण वस्तूची किंमत ओळखतों, निदानाची ओळखत नाहीं. बाजारांत आंबा घेतला तर तो गोड कीं आंबट हें खाल्ल्यावर तरी कळतें. दुरुस्तीचें तसें नाहीं. गाडी नीट चालूं लागली तरी बदललेल्या तीन भागांपैकीं खरोखर बदलावयास हवा होता तो कोणता, हें ग्राहकास मागाहूनही कळत नाहीं. १९७३ सालीं मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनीं अशा सेवांचा वेगळा विचार केला. ज्यांचा खरेपणा वापरानंतरही पारखतां येत नाहीं, केवळ विश्वासावर घ्यावा लागतो, असा हा वर्ग. त्यांत आणखी अडचण अशी कीं, रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असतो. तो प्रामाणिक असला तरी संशयास जागा राहतेच.

या संशयास कधीं कधीं आधारही असतो. १९९२ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्यानें सीअर्स या मोठ्या व्यापारी संस्थेच्या मोटार-दुरुस्ती केंद्रांवर अनावश्यक कामें केल्याचा आरोप ठेवला. खात्याचीं माणसें साधे ग्राहक बनून तेथें गाड्या घेऊन गेलीं होतीं. प्रकरण तडजोडीनें मिटलें; परंतु संस्थेनें सल्ला देणाऱ्या नोकरांस कामाच्या विक्रीवर कमिशन देण्याची पद्धत बंद केली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्याचें पोट अधिक भाग विकण्यावर अवलंबून, त्याच्या डोळ्यांस अधिक भाग बिघडलेले दिसूं लागतात. त्यासाठीं माणूस जन्मतः दुष्ट असावा लागत नाहीं.

मात्र चुकलेलें प्रत्येक निदान म्हणजे लबाडी नव्हे. हल्लींच्या गाड्यांत पुढच्या फळीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मेस्त्री यंत्र जोडतो आणि एक सांकेतिक आंकडा वाचतो. पुष्कळांना वाटतें कीं, यंत्रानेंच बिघडलेला भाग सांगितला. खरें पाहतां यंत्र केवळ कोणतें मोजमाप मर्यादेबाहेर गेलें एवढेंच सांगतें. धूर शुद्ध करणारी नळकांडी नीट काम करीत नाहीं असा संकेत आला, तरी कारण ती नळकांडीच असेल, तिच्याजवळचा संवेदक असेल, किंवा धुराच्या नळीला पडलेलें बारीकसें छिद्र असेल. प्रगतिपुस्तकांत गणितांत नापास असा शेरा असतो. मुलाला पाढे येत नाहींत, डोळ्यांनीं फळा दिसत नाहीं, कीं घरीं अभ्यासास जागा नाहीं, तें पुस्तक सांगत नाहीं. तें शोधणें मास्तराचें काम. तद्वत् संकेत वाचणें सोपें, कारण शोधणें कठीण. आणि त्या शोधाला वेळ लागतो. त्या वेळाचे पैसे देण्यास आपण कां कूं केली, तर मेस्त्रीही शोध सोडून भाग बदलूं लागतो, कारण भागाचे पैसे आपण विनातक्रार देतों. किंबहुना, अंदाजानें भाग बदलण्याची जी वाईट रीत आहे ती कांहीं अंशीं आम्ही ग्राहकांनींच पाळली-पोसली आहे.

तेव्हां ग्राहकानें काय करावें? पहिली गोष्ट, गॅरेजांत जाऊन औषध सांगूं नये, लक्षण सांगावें. “बॅटरी बदला” असें मीं म्हटलें, तेथेंच माझ्या फसवणुकीचा पाया मीं स्वतः घातला. “चार दिवस उभी राहिली कीं सुरू होत नाहीं” एवढें म्हटलें असतें, तर विचार करणाऱ्यास वाट मिळाली असती. दुसरी गोष्ट, निदानाची मजुरी आधीं ठरवावी आणि ती आनंदानें द्यावी. तिसरी, कामाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि त्याहून अधिक काम निघाल्यास आधीं विचारल्यावांचून करूं नये, असें त्याच कागदावर लिहून घ्यावें. चौथी, काढलेले जुने भाग परत मागावे. कॅलिफोर्नियांत १९७१ च्या कायद्यानें लेखी अंदाज, वाढीव खर्चास संमति आणि मागितल्यास जुने भाग परत, या तिन्ही गोष्टी बंधनकारक झाल्या. आपण त्या सवयीनें करूं शकतों. त्यासाठीं भांडावें लागत नाहीं, वेळेवर बोलावें लागतें.

एवढें करूनही वाद उद्भवला तर? येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. “गाडी माझी, ती अडविणारा तूं कोण?” असें ग्राहक गर्जतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणें, सोंपविलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणें श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यास, उलट करार नसेल तर, आपला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तु ठेवून घेतां येते. कायद्यानें उदाहरण दिलें आहे तें हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचें. अर्थात् हा हक्क सोंपविलेल्या कामापुरता. न सांगितलेल्या कामासाठीं नव्हे. म्हणून काय काम सांगितलें होतें याचा कागद दोघांच्याही हिताचा. गाडी तातडीनें हवी असेल तर “हरकत राखून पैसे देत आहें” असें लिहून रक्कम भरावी, गाडी सोडवावी आणि मग तक्रार करावी.

तक्रारीस जागाही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. सेवेंतील उणीव हा त्यांत तक्रारीचा विषय आहे, आणि केलेल्या सेवेचें बिल न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथें पुष्कळदां समजुतीनें काम भागतें. न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत जावें. दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं. मात्र कागद नसेल तर आयोग तरी काय करणार? कच्च्या चिठ्ठीवर कर वांचविणारा ग्राहक आपला पुरावाही त्याच वेळीं घालवून बसतो.

मेस्त्रींनाही एक विनंती करावीशी वाटते. बिलांत भागांची किंमत वाढवून निदानाची मजुरी लपवूं नका. “शोधण्याचे इतके, बसविण्याचे इतके” असें उघड लिहा. आरंभीं ग्राहक कुरकुर करील. परंतु जी मजुरी लपविली जाते तिच्यावर लबाडीचा आळ येतो, जी लिहिली जाते तिच्यावर फार तर महागाईचा येतो. महागाईचा आळ सोसवतो.

आतां माझी गोष्ट पुरी करतों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी मेस्त्रींकडे गेलों. आदल्या दिवशीं चार माणसांदेखत बोललों होतों, म्हणून चार माणसें जमेपर्यंत बांकावर बसून राहिलों. मग चारशें चाळीस रुपये पुढें ठेवले आणि म्हणालों, “काल माझें चुकलें.” त्यांनीं पैसे मोजले, खिशांतून पेन्सिल काढली आणि पुऱ्या नऊशें चाळीसांची पावती लिहून दिली. त्यांत दोन ओळी होत्या: बटण, चाळीस, बिघाड शोधणें, नऊशें. ती पावती मीं जपून ठेवली आहे. मोठ्या कार्यशाळेकडे मीं लेखी तक्रार केली. अल्टरनेटरचे पैसे अद्याप परत मिळालेले नाहींत, कारण जुना अल्टरनेटर मीं मागून घेतला नव्हता आणि तो निर्दोष होता हें आतां सिद्ध करतां येत नाहीं. तो धडा मला महाग पडला. आपणांस तो फुकट मिळावा, एवढ्यासाठीं हें भाषण.