रुमालातला कागद पडद्यावर येताना



पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालाला क्रमांक असतो. तो रुमाल घडणी, रोजकीर्द, शाहू दफ्तर यांपैकी कुठल्या विभागातला, हेही ठरलेले असते. कागदाचे हे गोत्रच समजा. कागद स्कॅन झाला आणि फाइलला यंत्राने दिलेला नुसता आकडा राहिला, तर हे गोत्र तुटते. मग चित्र कितीही स्वच्छ असो, अभ्यासकाच्या लेखी तो कागद हरवला.

स्कॅनिंग हा कामाचा सोपा भाग. खरे कष्ट नोंदीचे. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. त्या सालच्या कागदावर 1761 हा आकडा शोधून सापडणार नाही. तिथे शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत : इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे 1161. हा सन मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढताना महिना पाहून 599 किंवा 600 मिळवावे लागतात. पुष्कळ पत्रांवर नुसती तिथी असते. साल मजकुरावरून ताडावे लागते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी याच दफ्तरातले निवडक कागद 45 भागांत छापले, त्यामागे हीच मेहनत होती. संगणकावर 1761 टाकणाऱ्याला पत्र सापडायचे, तर कुणी जाणकाराने ते आधी वाचून इसवी सन, गाव, लिहिणारा आणि रुमाल क्रमांक नोंदवलेला हवा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे यंत्राच्या वाचनावर एवढ्यात विसंबता येत नाही.

साठवणीचेही पथ्य आहे. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान 300 डीपीआयने, न दाबता टिफमध्ये ठेवले तर सुमारे 26 एमबी होते. ती मूळ प्रत कुणी हलवू नये. तिची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. वाचकाला हलकी जेपेग पुरते, आणि ती त्याला घरबसल्या, अर्जविनंत्यांशिवाय मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांच्या पैशाने जपलेले कागद लोकांना दिसलेच पाहिजेत.

स्कॅनरसाठी पैसा मिळतो. मोडी वाचणाऱ्याच्या पगारासाठीही तो मिळायला हवा.

आणि आपल्या घरी जुने कागद असतील, तर मोबाइलवर फोटो घेताना कडा कापू नका, पाठची बाजूही घ्या, आणि कागद कुणाचा, कुठल्या गावचा, हे आजच लिहून ठेवा.