मीटरच्या खोलीतले सिलिकॉन



बँकेत जन्म काढलेल्या माणसाने सिलिकॉनवर बोलावे, हे नवलच. पण आपली चूक आपणच सांगितलेली बरी.

मी खजिनदार असताना मीटरच्या खोलीत पाणी झिरपायचे. पैसे वाचवायला मीच स्वस्तातली सिलिकॉनची नळी आणून पेटीच्या फटी बुजवल्या. सिलिकॉन वीज वाहू देत नाही, उन्हात तडकत नाही. मग भीती कसली? दोन पावसाळ्यांत तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या अन् एका रात्री ठिणग्या उडाल्या. तिथेच जिन्याखाली मुले खेळतात हो!

त्या नळीला व्हिनेगरसारखा वास येतो. सुकताना तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. ते तांबे खाते, आणि सिमेंटवर नीट पकडही धरत नाही. विजेच्या कामाला ‘न्यूट्रल’ लिहिलेलीच नळी घ्यावी. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, आधी खरवडावे लागते.

आपल्या कोरपना तालुक्यात आवारपूर, गडचांदूरला सिमेंटचे कारखाने. लाइनीवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर अशी धूळ बसली अन् दव पडले, की त्या ओल्या थरातून वीज निसटते. सिलिकॉन रबराचा इन्सुलेटर मात्र पाणी झटकण्याचा आपला गुण वरच्या धुळीलाही देतो, तोही बिनव्याजी!

नवी नळी सोसायटीच्या कपाटात आहे. मेन स्विच बंद करून, वायरमनच्या हातूनच वापरा.