घरकुलाचा भाव कोण ठरवितो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



महागाईविरुद्धचा लढा म्हटला की धान्य, तेल, साखर आणि रॉकेल डोळ्यांसमोर येतात. १९७२ नंतरच्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर स्त्रियांचे लाटणे मोर्चे काढले, ते चुलीच्या प्रश्नावर. ते योग्यच होते. परंतु ज्या छपराखाली चूल पेटते, त्या छपराच्या भावाकडे चळवळीचे लक्ष क्वचितच गेले. धान्य नेहमी विकत घ्यावे लागते, म्हणून त्याचा भाव घरातल्या बाईला तोंडपाठ असतो. सिमेंट, सळई आणि वाळू मात्र गरीब माणूस बहुधा आयुष्यात एकदाच घेतो. आदल्या खरेदीचा अनुभव पाठीशी नसल्यामुळे दुकानदार सांगेल तो भाव त्याला मान्य करावा लागतो.

नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. हंगाम संपवून ती उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परततात आणि पावसापूर्वी भिंती उभ्या करण्याची त्यांची धडपड सुरू होते. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ साली मैदानी प्रदेशातील ग्रामीण घरकुलासाठी केंद्र व राज्य मिळून १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. ही रक्कम एकदम हाती येत नाही. बांधकामाचा टप्पा पुरा झाल्याची पाहणी झाली की पुढचा हप्ता मिळतो. म्हणजे पाया आधी, पैसा नंतर! हा मधला काळ निभावण्यासाठी लाभार्थी जवळच्या दुकानातून उधारीवर माल उचलतो. ज्याच्याकडे रोकड आहे तो चार दुकाने फिरून भाव पाडून घेतो. ज्याचे खाते एकाच दुकानात आहे, त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय राहत नाही. दोन दुकानांतील भावांची तुलना करणे हे गरिबाच्या दृष्टीने केवळ चातुर्याचे काम नव्हे. त्यासाठी आधी त्या खात्यातून सुटका व्हावी लागते.

तुलना करावयाची ती तरी कशाची? सळईचे उदाहरण घ्यावे. बारा मिलिमीटरची, म्हणजे चार सुताची, बारा मीटर लांब सळई हिशेबाने सुमारे १० किलो ६६० ग्रॅम भरावयास हवी. समजा, एका दुकानात ती नगावर ६४० रुपयांना आहे आणि दुसऱ्यात ६२० रुपयांना. घेणारा साहजिकच दुसरीकडे वळेल. पण ती स्वस्त सळई काट्यावर दहाच किलो भरली, तर तिचा भाव किलोला ६२ रुपये पडला आणि ‘महाग’ सळईचा ६० रुपये. स्वस्त म्हणून घेतलेला माल महाग तर पडलाच, शिवाय स्लॅबचे बळही कमी झाले. घमेले, फावडे, पहार यांचेही असेच आहे. पत्रा पातळ निघाला तर दहा-वीस रुपये वाचवून घेतलेले घमेले काम संपण्याआधीच फाटते. सिमेंटच्या गोणीवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट कमी भावात मिळाले, तर ते त्याचे बळ गमावून बसलेले असण्याचीच शक्यता अधिक.

वाळूची कथा याहून बोलकी आहे. १ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे राज्यातील पहिला शासकीय वाळू डेपो मोठ्या समारंभाने सुरू झाला. भाव ठरला ब्रासला ६०० रुपये. पण वाहतूक ज्याची त्याने करावयाची होती! ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एवढा बोजा नदीकाठावरून डोंगराळ गावापर्यंत नेण्याचे भाडे वाळूच्या किमतीलाही मागे टाकते. सरकारने डेपोच्या दाराशी भाव बांधला. घराच्या दाराशी तो मोकळाच राहिला. २०२५ च्या नव्या धोरणाने ही पद्धत गुंडाळून पुन्हा लिलावाची वाट धरली. भाव बांधून देणे आणि माल पोहोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा त्यातला धडा चळवळीने विसरू नये.

येथवर दुकानादुकानांतील फरकाचा विचार झाला. पण जेथे फरक दिसतच नाही, तेथे अधिक सावध राहावयास हवे. दहा दुकानांत सिमेंटच्या गोणीचा भाव विचारला आणि तो पाच-दहा रुपयांच्या अंतरानेच सांगितला गेला, तर तो भाव त्या दुकानांत ठरलेला नाही, हे उघड आहे. जून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताच्या आरोपावरून सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय उचलून धरला आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अशा स्थितीत तालुक्याच्या दुकानदाराला शत्रू ठरवून भागणार नाही. तोही वरून आलेल्या भावानेच माल घेतो आणि उधारीचा धोका स्वतःच्या डोक्यावर वाहतो.

मग नियंत्रण आणले की प्रश्न सुटला काय? तसेही नाही. सिमेंटवरील नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्ये अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः उठले. त्याआधीचा परमिटचा काळ काही रामराज्य नव्हता. सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्या न्यायालयीन लढ्यात प. बा. सामंत आणि मृणाल गोरे अग्रभागी होते. लोकांचा डोळा नसेल तर नियंत्रण मंत्रालयात विकले जाते आणि नियंत्रण नसेल तर बाजार कंपन्यांच्या मुठीत जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी हाती घ्यावयाचे काम साधे, पण नेटाचे आहे. दर तालुक्यात बांधकामाच्या हंगामाआधी पाच दुकानांतील पाच वस्तूंचे भाव टिपावेत. छाप तोच, माप किलोचे, कर आणि भाडे वेगळे, रोखीचा व उधारीचा भाव वेगवेगळ्या रकान्यांत. तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली असेल, तर एकूण किमतीत शेकडा पावणेआठ रुपयांची घट दिसावयास हवी. त्याआधीची आणि नंतरची बिले शेजारी ठेवून ती ग्राहकाच्या पदरी पडली की नाही, ते तपासावे. बिलच दिले जात नसेल, तर पहिली मागणी बिलाची असावी. एका गावातील घरकुलधारकांनी मिळून ट्रकभर माल मागवावा आणि पुढच्या हप्त्याआधीच्या मालासाठी गावच्या सोसायटीकडे उधारीची मागणी लावून धरावी.

मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी ‘अपना बाजार’ उभा केला, तो अशाच एकत्र खरेदीच्या जोरावर. नगर जिल्ह्याला तर सहकार शिकविण्याची गरजच नाही. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना सुरू केला. ऊस एकत्र गाळणारा हा जिल्हा सिमेंटची गोणी घ्यावयास मात्र एकेकटा दुकानात शिरतो. ज्यांच्या कोयत्यावर ते कारखाने चालले, त्या तोडणी कामगाराच्या घराचा पाया यंदाच्या पावसाआधी उधारीविना भरला जावा, एवढे या तक्त्याने साधले तरी पुरे आहे.